राणी पाखरू आणि लिंबाची रोपे

सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात व कोकणातील बागांत एक मोठे फुलपाखरू पावसाळ्यात व त्यानंतर विशेषेकरून दृष्टीस पडते. त्याचे पंख काळे मखमली असून त्यांवर फिकट निळा रंग असतो. पसरलेल्या पंखांची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर भरते. यास राणी पाखरू किंवा नीलवंत म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली यास राज्य फुलपाखराचा मान दिला. बागाईतदाराशी मात्र त्याची गाठ पडते ती अळीच्या रूपाने.

जीवनक्रम : अंडे, अळी, कोष व फुलपाखरू अशा याच्या चार अवस्था होत. मादी पानांवर एकेक सुटे अंडे घालते. त्यासाठी ती लिंबाच्या कुळातील वनस्पतीच निवडते. अरण्यात माकडलिंबू, तर बागेत लिंबू व पपनस. साधारण आठवड्याच्या आत अंड्यातून अळी बाहेर पडते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी फसतात आणि शेतकऱ्याचेही तिच्याकडे दुर्लक्ष होते. चार वेळा कात टाकल्यावर ती हिरवी होते व याच अवस्थेत सर्वांत अधिक पाने खाते. डिवचल्यास मानेमागून दुभागलेले शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. पुढे रेशमी धाग्याने स्वतःस डहाळीला बांधून ती कोषात जाते. सुमारे दोन आठवड्यांनी कोषातून फुलपाखरू निघते.

नुकसान : मोठ्या झाडाची थोडी पाने गेल्याने उत्पन्नात घट येत नाही. रोपवाटिकेतील कोवळे रोप मात्र निष्पर्ण होऊन त्याची वाढ खुंटते. लिंबावर नेहमी आढळणारी अळी बहुधा काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या लिंबू-फुलपाखराची असते. दोन्ही अळ्या दिसण्यात इतक्या सारख्या असतात की, सरसकट औषध फवारल्यास राणी पाखराचाही नाश होतो.

उपाय : रोपवाटिकेत आठवड्यातून दोनदा पानांच्या दोन्ही बाजू तपासून अळ्या हाताने वेचाव्यात. वेचलेल्या अळ्या मारण्याऐवजी पपनसाच्या मोठ्या झाडावर किंवा रानातील माकडलिंबावर सोडाव्यात. या फुलपाखरांची अंडी व कोष यांत वाढणारे सूक्ष्म परोपजीवी कीटक अळ्यांची संख्या आपोआप आटोक्यात ठेवतात. विनाकारण फवारणी केल्यास हे मित्रकीटक प्रथम मरतात. बांधावरील माकडलिंबू तोडू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपवाटिकाधारकांस अळीच्या दोन्ही रूपांची ओळख प्रत्यक्ष झाडावर करून द्यावी. वेळीच वेचणी झाल्यास रोपही वाचते आणि राज्याचे फुलपाखरूही.