धरलं तिथंच धरलेलं राहू दे

पुणे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या स्मरणिकेची पानं लावायला तू लिहिलेला प्रोग्राम काल रात्री सावकाश बघितला. डावीकडच्या पट्टीतून फोटो उचलायचा आणि उजवीकडच्या पानावर चौकटीत नेऊन ठेवायचा, हे काम तो बिनचूक करतो. फाइल बंद करून पुन्हा उघडली तरी फोटो जागेवर सापडतात. पहिल्याच प्रोग्राममध्ये एवढं जमलं याचा मला फार आनंद झाला. आज लिहायचंय ते उचलल्यापासून ठेवेपर्यंत जे दोन-तीन सेकंद जातात त्यांच्याबद्दल. त्या सेकंदांकडे तुझं अजून नीट लक्ष गेलेलं नाही.

माउसचं बटण दाबून ओढणाऱ्या माणसाच्या हातात खरं तर काहीच नसतं. फोटो डिस्कवर होता तिथंच असतो. आपण काहीतरी उचललंय हा त्याचा भरवसा कर्सरबरोबर फिरणाऱ्या त्या लहानशा चित्रावरच टिकून असतो. म्हणून त्या चित्राला सजावट समजू नकोस. 1984 साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा त्याची एकूण मेमरी 128 किलोबाइट होती आणि त्यातली सुमारे 22 किलोबाइट 512 बाय 342 ठिपक्यांच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यालाच लागत. अख्खं चित्र फिरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून मॅक बनवणारे लोक नुसती करडी बाह्यरेषा फिरवत. त्या कामासाठी मॅकच्या टूलबॉक्समध्ये ड्रॅगग्रेरीजन नावाचं फंक्शनच होतं. इतक्या ओढाताणीतही माणसाच्या हाताखाली काहीतरी दिसलंच पाहिजे, हे त्यांनी सोडलं नाही. आपल्याकडे आज मेमरीची वाण नाही, तेव्हा हयगयीला सबबही नाही.

आता तुझ्या कोडकडे येतो. एका गटफोटोला मी खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ धरलं. ओढू लागताच चित्र टुणकन उडालं आणि कर्सरच्या खाली उजवीकडे लटकू लागलं. तू वापरलेल्या क्यूटी लायब्ररीला तू सेटपिक्समॅपने चित्र दिलंस, पण सेटहॉटस्पॉटची ओळ लिहिलीच नाहीस. चित्राचा कोणता बिंदू कर्सरच्या टोकाखाली राहील ते या ओळीने ठरतं, आणि तो बिंदू चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजायचा असतो. ताट काठाला धरून उचललं तर हात काठालाच राहतो, मधेच बुडाखाली सरकत नाही. पडद्यावरही हाताची तीच अपेक्षा असते. ती मोडली की माणूस क्षणभर थबकतो, का थबकला ते त्यालाही सांगता येत नाही, आणि पन्नास फोटो लावून झाल्यावर 'हा प्रोग्राम जरा कटकटीचा आहे' एवढंच तो म्हणतो.

हा बिंदू नेमका कुठून घ्यायचा, तेही नीट समजून घे. बटण दाबल्या दाबल्या ओढणं सुरू करायचं नसतं, नाहीतर साध्या क्लिकलाही फोटो हातात येतो. कर्सर थोडा हलू द्यायचा. क्यूटीत हे अंतर स्टार्टड्रॅगडिस्टन्स सांगतं आणि ते मुळात 10 पिक्सेल असतं. मॅनहॅटनलेंग्थने आडवं-उभं मिळून तेवढं अंतर झालं की मगच ड्रॅग सुरू करायचा. पण तोवर कर्सर मूळ जागेवरून सरकलेला असतो. तू त्या वेळची जागा हॉटस्पॉट म्हणून दिलीस, तर माणसाने बोट ठेवलं होतं एखाद्याच्या चेहऱ्यावर आणि कर्सर दिसेल त्याच्या खांद्यावर. म्हणून माउसप्रेसइव्हेंटमध्येच जागा टिपून ठेव आणि हॉटस्पॉटला तीच दे.

ही जागा लेबलच्या हिशेबात असते, फोटोच्या नाही. तुझ्या लेबलमध्ये फोटो मधोमध बसवलाय, म्हणजे चारी बाजूंना रिकामी जागा सुटलीय. ती आधी वजा कर. मग चित्र लहान केलं असेल तर बिंदूही त्याच प्रमाणात लहान कर. पडद्यावर 600 पिक्सेल रुंद दिसणारा फोटो (450, 300) या ठिकाणी धरला आणि ओढताना तो 200 रुंद केला, तर हॉटस्पॉट (150, 100) झाला पाहिजे. गणित चौथीतल्या मुलालाही येईल असं आहे, पण ते विसरलेले प्रोग्राम मी पुष्कळ बघितलेत.

चित्र लहान कर असं सांगतोय ते उगाच नाही. तुझं चित्र इतकं मोठं आणि भरीव आहे की ज्या चौकटीत फोटो ठेवायचा तीच त्याच्याखाली झाकली जाते. माणूस मग अंदाजाने सोडतो. साधारण तळहाताच्या निम्म्याएवढं चित्र पुरे, आणि त्याच्यातून खालचं दिसू दे. त्यासाठी नवा रिकामा पिक्समॅप घ्यायचा, तो आधी पारदर्शक रंगाने भरायचा, मग क्यूपेंटरची अपारदर्शकता 0.7 च्या आसपास ठेवून त्यावर फोटो काढायचा आणि पेंटर एंड करायचा. भरायची पायरी गाळू नकोस. नव्या पिक्समॅपमध्ये आधीपासून काय असेल याची हमी कोणी देत नाही, आणि मग चित्राच्या कडेला काळे पट्टे नाहीतर भलताच कचरा उमटतो. स्क्रीनचं स्केलिंग 200 टक्के असेल तर दुप्पट पिक्सेल घेऊन सेटडिव्हाइसपिक्सेलरेशिओला 2 सांग, म्हणजे चेहरे धुरकट दिसणार नाहीत.

हे सगळं मूळ फोटोवर करू नकोस. 6000 बाय 4000 चा फोटो उघडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून 96 मेगाबाइट होतात. तो ऐन ओढायच्या वेळी लहान करायला घेतलास तर हात पुढे जाईल आणि चित्र मागे रेंगाळेल. पट्टीसाठी केलेलं थंबनेल तुझ्याकडे तयारच आहे, ते वापर. विंडोजवर ओढणं चालवणारं एक्झेक फंक्शन चालू असताना क्यूटीचा इव्हेंट लूप अडून राहतो असं क्यूटीच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये म्हटलंय, त्यामुळे जी काही तयारी करायची ती एक्झेकच्या आधी संपव.

कोडच्या तळाशी तू कॉमेंट करून ठेवलेला एक भाग दिसला. बिनचौकटीची छोटी खिडकी काढून ती टायमरने कर्सरमागे पळवायची, असा तो बेत होता. कल्पना स्वतःहून सुचली याचं कौतुक आहे, पण ती पुसून टाक. अशी खिडकी कर्सरच्या थेट खाली आली की माउसचे इव्हेंट तीच गिळते, आणि पानाला कळतच नाही की आपल्यावर काही आलंय. शिवाय वेलँडवर चालणाऱ्या लिनक्समध्ये सामान्य खिडकीला पडद्यावरची स्वतःची जागा ठरवताच येत नाही, आणि पूर्ण पडद्यावर कर्सर कुठे आहे हेही प्रोग्रामला कळू दिलं जात नाही. तिथं ओढलेलं चित्र काँपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, स्वतः काढतो. तू ते फक्त त्याच्या स्वाधीन करायचं. क्यूटीचा क्यूड्रॅग नेमकं तेच करतो. ज्या कामाला सिस्टीमची सोय आहे ते तिच्याकडूनच करून घ्यावं, असं माझं मत आहे, आणि इतक्या वर्षांत ते बदललेलं नाही.

एकदम बारा फोटो ओढले तर बाराही दाखवू नकोस. वरचे दोन-तीन एकावर एक सरकवून ठेव आणि कोपऱ्यात ठळक आकडा घाल.

फोटो सोडला की काय होतं, तिकडेही बघ. तू ओढणं सुरू होताच पट्टीतला फोटो काढून टाकतेस. मधेच कोणी एस्केप दाबलं, किंवा फोटो पानाबाहेर सुटला, तर तो दोन्हीकडून नाहीसा होतो. मी दोनदा करून बघितलं. ओढणं चालू असेपर्यंत पट्टीतली जागा रिकामी करू नकोस, तिथला फोटो नुसता फिका कर. एक्झेकचं उत्तर मूव्हॲक्शन आलं तरच काढ. इग्नोअरॲक्शन आलं तर पुन्हा पहिल्यासारखा ठळक कर, म्हणजे काही बिघडलं नाही हे बघणाऱ्याला लगेच कळेल. स्मरणिकेत जुन्या कार्यकर्त्यांचे असे फोटो आहेत की ज्यांची दुसरी प्रत कुणाकडेच नाही. तुझा प्रोग्राम डिस्कवरची फाइल पुसत नाही हे मला माहीत आहे, पण तो वापरणाऱ्याला ते माहीत नसतं. फोटो दिसेनासा झाला की त्याच्या पोटात खड्डा पडतो.

शेवटचं काम आप्पांसाठी. फोटो निवडणार ते, आणि त्यांचा उजवा हात थरथरतो हे तुला मी सांगायला नको. बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी नेम धरून सरकवायचं, हे दोन्ही एकत्र त्यांना जमणार नाही. वेबसाइटींच्या सुलभतेसाठी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये यासाठी वेगळा निकष आहे: जे ओढून करता येतं ते न ओढता, साध्या क्लिकनेही करता आलं पाहिजे. नियम वेबसाठी लिहिलेला असला तरी तो आपल्या घरातही लागू आहे असं समज. एका क्लिकने फोटो निवडायचा, दुसऱ्या क्लिकने चौकट दाखवायची. आणि कीबोर्डवरून एंटर, बाण, पुन्हा एंटर. निवडलेल्या फोटोभोवती जाड रंगीत चौकट असू दे, कारण या वाटेने कर्सरबरोबर चित्र फिरणार नाही. एवढं झालं की येत्या रविवारी त्यांना त्यांच्याच लॅपटॉपवर बसव. शेजारी बस, पण काही सुचवू नकोस. हात कुठं अडतो तेवढं वहीत लिहून घे आणि मला पाठव.

आईला आणि आप्पांना नमस्कार सांग.

तुझा
मामा