कंपनीच्या तपासणीत मनाचाही प्रश्न

आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे सिंगापूरला नोकरीस आहेत. तिथला नोव्हेना हा दवाखान्यांचा भाग. १८४४ साली स्थापन झालेले टॅन टॉक सेंग रुग्णालय आज तिथेच आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्त, साखर, बीपी बघतात. मनाचे काय?

सिंगापुरात २०१६ साली झालेल्या पाहणीत दर १६ माणसांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, झालेले आढळले. ते ओळखण्याची पहिली चाळणी दोन प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटली नाही, असे किती दिवस गेले? मन खिन्न किंवा निराश किती दिवस होते? अजिबात नाही म्हटले तर ०, काही दिवस १, निम्म्याहून अधिक दिवस २, जवळजवळ रोज ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली, तर झोप, भूक, थकवा धरून नऊ प्रश्न विचारतात.

एवढ्याने आजार ठरत नाही. थायरॉईड मंदावले किंवा रक्त कमी असले, तरी थकवा येतो. ते पाहून डॉक्टर निदान करतात. पुढे उपचाराची सोय नसेल, तर नुसते विचारून उपयोग नाही.

खरी अडचण उत्तरांची आहे. साहेबांना कळेल, बढती अडेल, या भीतीने माणूस ‘अजिबात नाही’वर खूण करतो आणि रिपोर्ट चांगला येतो. म्हणून हा कागद डॉक्टरांकडेच राहिला पाहिजे. सिंगापूर सरकारने २०२१ साली कामाचा ताण मोजणारी ‘आयवर्कहेल्थ’ ही मोफत प्रश्नावली काढली. तिच्यात मालकाला एकेकाचे उत्तर दिसत नाही, सर्वांचा एकत्र निष्कर्ष दिसतो.

आपण काय करावे? शब्बाथच्या आधी फोन येतो, तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल ना?’ एवढ्यावर थांबू नका. ‘झोप लागते का रे? कशात मन रमतं का?’ असेही विचारा. उत्तर ‘नाही’ आले, तर ‘एवढा पगार, मग दुःख कसलं?’ असे म्हणू नका. शांतपणे ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे जायला सांगा. जीव नकोसा झाल्याचे बोलला, तर त्याच दिवशी मदत मिळवा. मदतीसाठी सिंगापुरात १७७१ आणि भारतात १४४१६ हे फोन रात्रंदिवस चालू असतात.

हेच दोन प्रश्न आपण स्वतःलाही विचारावेत. म्हातारपणी उदास राहायचेच, असा काही नियम नाही. या आजारावर कोणत्याही वयात उपचार होतात.