संक्रांतीचे वाण श्रावणात लावा

सोयाबीनची खुरपणी उरकली, कापसाला खताचा हप्ता देऊन झाला, की नांदेड-लातूरकडच्या शेतकरी घरांना श्रावणात थोडी उसंत मिळते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडलेला पारा खाली आलेला असतो, ऊन ढगाआड राहते, हवा दमट असते. काडी लावून रोप करायला वर्षभरात यापेक्षा चांगले दिवस नाहीत. कापलेल्या काडीला मुळ्या नसतात, पण तिच्या पानांतून पाणी उडतच असते. हवा दमट असली की ते कमी उडते आणि काडी सुकायच्या आत मुळ्या फुटायला सवड मिळते. हीच काडी मे महिन्यात लावली तर दोन दिवसांत मान टाकते.

हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्याऐवजी रोप द्यावे, असे अलीकडे अनेक घरांतून ठरते. ठरते ते मात्र जानेवारीत. तेव्हा थंडीने काड्या लवकर मुळ्या धरत नाहीत आणि मग रोपवाटिकेत जाऊन विकत आणण्यावाचून मार्ग उरत नाही. आता लावलेली काडी संक्रांतीपर्यंत चार-पाच महिन्यांचे अंग धरलेले रोप होते.

हे तंत्र या भागाला नवे नाही. मांजरा नदीच्या काठचा ऊस दोन डोळ्यांच्या टिपरीवरच उभा राहतो. ज्याला उसाचा डोळा ओळखता येतो, त्याला मनीप्लांटचे पेर वेगळे शिकवावे लागत नाही. पानाच्या देठाशी पेरावर तपकिरी टोक दिसते, तीच पुढे मुळी होते. पेर नसलेले नुसते पान पाण्यात ठेवले तर कधी मुळ्या दिसतात, पण त्यातून वेल निघत नाही. म्हणून दोन-तीन पेरांची काडी घ्यावी आणि खालचे पेर पाण्यात किंवा मातीत बुडेल असे पाहावे. मनीप्लांटला फुले जवळपास येतच नाहीत. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तो पुरेसे तयार करू शकत नाही, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. फुले नाहीत म्हणून बी नाही, आणि म्हणून घरोघरचे मनीप्लांट असे काडीकाडीनेच पसरले आहेत.

पानओवा त्याहून सोपा. चार-पाच इंचांचा शेंडा खुडून खालची पाने काढली आणि ओलसर मातीत खोचला, की आठ-दहा दिवसांत तो धरतो. पानफुटीचे पान मातीवर नुसते ठेवले तरी कडेच्या खाचांतून इवली रोपे उठतात. घरात शाळकरी मूल असेल तर हे काम त्याच्याकडेच द्यावे. कोरफडीचे मात्र पान लावू नये, ते सडते. बुडाशी फुटलेली पिल्ले मुळ्यांसकट वेगळी करावीत.

स्नेक प्लांटच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. पिवळ्या काठाच्या जातीचे पान कापून लावले तर दीड-दोन महिन्यांत मुळ्या येतात, पण पुढे निघणारा कोंब साधा हिरवा असतो. पिवळा काठ हवा असेल तर गड्डा फोडूनच रोप करावे. पानाचे तुकडे लावायचेच असतील तर खालच्या बाजूला खूण करावी. उलटा लावलेला तुकडा मुळ्या धरत नाही.

जास्वंदीला पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंचांची काडी घ्यावी. वरचा काप सरळ आणि खालचा तिरपा ठेवला की शेंडा-बूड चुकत नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारी मुळ्या फुटण्याची पावडर तिला उपयोगी पडते. मनीप्लांट किंवा पानओव्याला तो खर्च करू नये.

माती हा इथला खरा अडथळा. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि पावसाने ओढ दिली की भेगाळते. कोवळ्या मुळीला दोन्ही सोसत नाही. दोन भाग धुतलेली जाडसर वाळू आणि एक भाग पोयटा एवढे मिश्रण पुरते. शेणखत आता घालू नये, त्याने काप कुजतो. मुळ्या धरल्यावर रोप पिशवीत हलवताना चांगले कुजलेले खत मिसळावे. पिशवीला खाली भोके हवीतच.

काड्या ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांबाबत पावसाळ्यात हयगय नको. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा पूर्ण डास होतो. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळताना या बाटल्याही रिकाम्या कराव्यात, आतून घासाव्यात आणि तोंडाला कापूस लावावा.

सगळ्यात जास्त जपायचे ते देवाणघेवाणीत. काडीबरोबर कीडही घरी येते. 2006-07 च्या सुमारास देशातल्या कापूस पट्ट्यात ज्या मिलीबगने उद्रेक केला, तो जास्वंदीवर आणि गाजर गवतावरही जगतो. शहरातल्या अंगणातून आणलेली एक पांढरी, चिकट काडी नांदेडकडच्या कापसाच्या शिवारात पोचली तर नुकसान कुंडीपुरते राहत नाही. काडी घेताना पानाची मागची बाजू आणि देठाची बेचकी नीट पाहावी. कापसासारखा पुंजका किंवा वर-खाली धावणाऱ्या मुंग्या दिसल्या तर ती काडी घेऊच नये. आणलेले रोप दोन आठवडे इतरांपासून दूर ठेवावे. थोडी लागण असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे.

रोप देताना दोन गोष्टी सांगून द्याव्यात. मनीप्लांटची पाने जनावराने किंवा लहान मुलाने चावली तर तोंडाची आग होते, म्हणून ते उंचावर टांगावे. दुसरे, चार कुंड्यांनी खोलीतली हवा शुद्ध होते हा दावा खरा मानू नये. 1989 च्या नासाच्या प्रयोगावरून तो पसरला, पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. मराठवाड्यात रोप निवडताना पाहायचे ते पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात वाणाला स्नेक प्लांट, कोरफड, पानफुटी हीच रोपे शहाणपणाची.

पंचवीस रोपे वाटायची असतील तर चाळीस काड्या लावाव्यात, काही मरतातच. लागवड सप्टेंबरअखेर उरकावी. कीड ओळखता आली नाही तर पान कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे, आणि खात्री होईपर्यंत त्या झाडाची एकही काडी कोणाला देऊ नये.