नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र

जमिनीवर वाट चुकली तर आपण थांबतो आणि कोणाला तरी रस्ता विचारतो. आकाशात पाट्या नसतात. वाट विचारायला कोणी भेटत नाही. विमानाला मध्येच थांबताही येत नाही. मग वैमानिक आपला मार्ग कसा शोधतो?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला थांबून ते मुंबईला जुहू येथे उतरले. त्यांचे विमान लहान, एका इंजिनाचे होते. त्यात रेडिओही नव्हता. त्या काळी वैमानिकाचे सोबती तीनच होते : नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र. होकायंत्र म्हणजेच तुमचा कुतुबनुमा.

ही पद्धत समजून घ्या. समजा, विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर आहे. म्हणजे ते एका मिनिटात ३ किलोमीटर जाते. नकाशावर पुढचा नदीवरचा पूल ४५ किलोमीटर दूर आहे. मग १५ मिनिटांनी तो पूल खाली दिसला पाहिजे. नाही दिसला, तर काहीतरी चुकले आहे. बहुधा वाऱ्याने विमान बाजूला ढकललेले असते. वाहत्या नदीत नावाडी होडीचे तोंड थोडे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला ठेवतो. वैमानिकही तसेच विमानाचे तोंड थोडे वाऱ्याकडे वळवतो. दिशेत फक्त एका अंशाची चूक झाली, तरी ६० किलोमीटर गेल्यावर विमान सुमारे १ किलोमीटर बाजूला गेलेले असते!

आज हे काम उपग्रहांमुळे सोपे झाले आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. त्यांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून विमानातील यंत्र अंतर काढते. चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की विमानाची जागा आणि उंची कळते. या माहितीतील चुका दुरुस्त करण्यासाठी भारताने 'गगन' नावाची यंत्रणा उभारली आहे. रात्री किंवा दाट ढगांत खालची नदी दिसत नाही, तेव्हा अशा यंत्रांचा मोठा आधार वाटतो.

मग जुनी पद्धत कशाला शिकायची? उपग्रहांचे संदेश पृथ्वीवर पोहोचेपर्यंत फार क्षीण होतात. जमिनीवरून जोरदार रेडिओ लहरी सोडल्या, तर ते दबून जातात. कधी कोणी खोटे संदेशही पाठवते. मग पडद्यावर चुकीची जागा दिसते. ज्याने फक्त पडदा पाहायची सवय लावली, त्याला ही चूक कळणार कशी? ज्याला घड्याळ आणि नकाशा वाचता येतो, तो मात्र म्हणतो, "१५ मिनिटे झाली, पूल दिसला नाही. यंत्र पुन्हा तपासू या." या सावधपणावर विमानातील सर्वांचे प्राण अवलंबून असतात.

म्हणूनच आजही नव्या वैमानिकाला नकाशावर रेघ आखायला आणि वेळेचा हिशेब करायला शिकवतात. यंत्र उत्तर देते. ते उत्तर बरोबर आहे का, हे माणसानेच पाहायचे असते. मुलांनो, यंत्रे जरूर वापरा. पण आपली बुद्धी आणि आपले डोळे मिटून ठेवू नका.

स्वाध्याय
१. वैमानिकाचे तीन जुने सोबती कोणते?
२. वैमानिक विमानाचे तोंड वाऱ्याकडे का वळवतो?
३. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारे विमान ४० किलोमीटर किती मिनिटांत जाईल?