सगळेच करतात म्हणून

‘आमचं पोरगं घरात एकदम गुणी हो, पण चार मित्र भेटले की ते आमचं राहतच नाही.’ साताऱ्याची पालकसभा असो की सांगलीची, हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. मागोमाग ‘संगत वाईट’ हा निकाल, आणि ‘त्या पोराशी बोलायचंच नाही असं बजावलंय’ हा उपाय. आई-बाबांनो, तुमची काळजी खरी आहे. निकाल मात्र मला घाईचा वाटतो. आपल्या घरातलं गुणी पोर शेजारच्या घरात ‘वाईट संगत’ म्हणूनच ओळखलं जात असतं. एकेकटी पाहिली तर यातली बहुतेक मुलं चांगली असतात. चौघं एकत्र आली की जे घडतं, ते चौघांपैकी कुणाच्याच स्वभावात शोधून सापडत नाही. त्याविषयी बोलू या, पण सुरुवात मुलांपासून नको. आपल्यापासून, मोठ्यांपासून करू.

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पोचल्या होत्या. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. १३ तारखेला जत तालुक्यातल्या लवंगा गावात त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. एवढंच निमित्त. कुणाला तरी संशय आला, बाचाबाची झाली, माणसं जमली आणि चौघांना काठ्यांनी मारहाण झाली. चौकशीअंती ते खरोखरच साधू निघाले. जीव वाचला, हे नशीब. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव गेला होता. पोट भरायला ते मंगळवेढ्याकडून तिकडे गेलेले.

अशा गर्दीत सराईत गुंडच असावे लागतात असं नाही. लेकराबाळांच्या काळजीनं घाबरलेली साधी माणसंही पुरतात. एकटा माणूस घाबरला तर तो दार लावून घेतो. शंभर माणसं घाबरली की त्या भीतीचा राग होतो, कारण प्रत्येक जण शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो. ‘एवढी माणसं चिडलीत, म्हणजे काहीतरी असणारच.’ ज्याच्या मनात शंका येते तो गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं बाकीच्यांना होकार वाटतो. गर्दीत शंका घेणारे पुष्कळ असतात. त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो.

आता लवंग्याच्याच सांगली जिल्ह्यातलं, त्या मारहाणीच्या जेमतेम महिनाभर आधीचं दुसरं गाव बघा. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाइल आले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. मोठ्यांचंही टीव्ही-मोबाइलपुढून हलणं होईना. घरोघरी आयांचा जीव कातावलेला, पण प्रत्येकीला वाटायचं, हे आपल्याच घरचं दुखणं. ‘मी एकटीनं फोन काढून घेतला तर पोरगं म्हणणार, सगळ्यांच्या घरी चालतं, तूच वाईट.’ मग २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महिलांची ग्रामसभा भरली आणि ठरलं. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार आणि दीड तास गावात टीव्ही बंद, मोबाइल बंद. तेवढ्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचावं, एकमेकांशी बोलावं. सरपंच विजय मोहित्यांनी पुढाकार घेतला. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर समजावत फिरले.

आई तीच, पोर तेच, मोबाइलही तोच. तरी जे एकेका घराला जमत नव्हतं ते सगळ्या घरांना मिळून जमलं. मला यात भोंग्याच्या आवाजापेक्षा त्याआधीची ग्रामसभा मोलाची वाटते. मनातलं तिथं एकमेकींसमोर मोठ्यानं बोललं गेलं. लवंग्यात ज्या शंका मनातच राहिल्या असतील, तशा इथल्या राहिल्या नाहीत. समूहाची ओढ दोन्ही गावांत होती. एकीकडे तिनं काठी उचलायला लावली, दुसरीकडे फोन खाली ठेवायला. म्हणून ‘समूह वाईट’ असं मी कधी म्हणणार नाही, आणि मुलाला त्याच्या मित्रांपासून तोडा असंही नाही.

या ओढीचं बळ किती असतं ते १९५१ मध्ये सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत दाखवलं. खोलीत सात-आठ तरुण, समोर काही रेघा, त्यातली कुठली रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे ते सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही इतकं सोपं. पण एक सोडून बाकीचे सगळे आधीच पढवलेले होते आणि ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. अशा वेळी त्या एकट्याची जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं बाकीच्यांसारखी चुकीची आली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं नाकारून मान डोलावली. ही कॉलेजात शिकणारी मुलं होती, समोरचे लोक अनोळखी होते, आणि वेगळं उत्तर दिल्यानं काही नुकसानही होणार नव्हतं. मग आपली आठवीतली मुलगी तिच्या जिवलग मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वर्गमैत्रिणीची टर उडवली जात असताना हसण्याची इमोजी टाकते, तेव्हा ती दुष्ट झालेली नसते. तिला उद्या डबा कुणाबरोबर खायचा याची भीती असते.

ॲशच्या प्रयोगाचा पुढचा भाग पालकांनी जास्त लक्षात ठेवावा असं मला वाटतं. त्या पढवलेल्यांपैकी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी हे वाहवत जाणं एकदम पाव भागावर आलं. इतकंच नाही, तो एक जण चुकीचंच पण इतरांपेक्षा वेगळं उत्तर देत असला, तरी त्या एकट्याला बळ मिळायचं. म्हणजे आपल्या मुलाच्या पाठीशी दहा आदर्श मित्र हवेत असं नाही. वेगळं बोललं तरी आभाळ कोसळत नाही, हे एवढं बघायला एक माणूस पुरतो.

वेगळं बोलणारा तो एक जण मुलगा पहिल्यांदा घरातच बघतो. जेवताना बाबांच्या मताविरुद्ध आई बोलली आणि घर शांत राहिलं, हे त्यानं पाहिलंय का? सोसायटीच्या ग्रुपवर कुठल्याशा समाजाविषयी विखारी मेसेज आला तेव्हा ‘याची खात्री केली का?’ असं तुम्ही विचारलंत, आणि तसं विचारल्याचं मुलाला सांगितलंत का? घरात उलट बोललं की थोबाडीत, आणि बाहेर मात्र मित्रांना ठणकावून नाही म्हण, असं होत नसतं. नाही म्हणण्याचा सराव घरातच व्हावा लागतो, आणि काही वेळा तो आपल्याविरुद्धच होणार. तेवढं सोसायला हवं.

समूहाची ओढ धाडसातही दिसते. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढू लागलं की सांगलीच्या आयर्विन पुलावर बघ्यांची गर्दी होते आणि काही पोरं पुलावरून नदीत उड्या टाकतात. पुलावर कुणीच नसतं तर किती जणांनी उडी टाकली असती? फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये हेच गाडी चालवण्याचा संगणकी खेळ देऊन तपासलं. तेरा ते सोळा वयाची मुलं मित्र शेजारी असताना एकट्यापेक्षा जवळपास दुप्पट धोका पत्करत होती. चोविशीपुढच्या माणसांत असा फरक दिसला नाही. धोका त्यांना कळत नाही असं नाही. मित्र बघत असले की शाबासकीचं पारडं जड होतं. म्हणून ‘पाण्यात जाऊ नको’ या ताकिदीपेक्षा ‘तिथं कोण कोण असणार, आणि कुणी डिवचलं तर तू काय म्हणशील?’ ही दोन मिनिटांची तयारी मला जास्त उपयोगाची वाटते. शब्द आधी तयार असले की ऐन वेळी तोंडात येतात.

भावनांचंही तसंच. मूल शाळेतून तणतणत आलं की आपण म्हणतो, ‘शांत हो आधी.’ मुलगा असेल तर वर ‘रडतोस काय पोरींसारखा?’ तो चेहरा घट्ट करतो, आणि आपल्याला वाटतं, शांत झाला. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी भावना आवरण्यावर बरीच वर्षं काम केलं. चेहऱ्यावरची भावना दाबली तरी आतलं दुःख त्यानं कमी होत नाही, शरीराला उलट जास्त ताण पडतो, असं त्यात दिसलं. दुसऱ्या बाजूला मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात असं आढळलं, की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या भीती-रागाशी जोडलेल्या भागाची हालचाल मंदावते. तेव्हा त्याला उपदेश करण्याआधी विचारावं, ‘राग आलाय की अपमान वाटलाय? की एकटं पडल्यासारखं झालंय?’ मुलं बहुतेकदा रागावर बोट ठेवतात. जरा थांबलं तर खाली अपमान निघतो. ज्याला आपला अपमान ओळखता येतो, त्याला घोळक्यात कुणी पेटवू लागलं तरी थोडी उसंत मिळते.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं, तेव्हा या सगळ्याचे प्रयोग कुठं छापून आले नव्हते. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सगळ्या घरांतली मुलं त्यांनी एका छपराखाली आणली. एका पंगतीत जेवणं, आणि कामं पोरांनीच वाटून घेतलेली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांची आबाळ होऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. गावाकडे जो शिवाशीव पाळायचा तोच मुलगा इथं सगळ्यांबरोबर भाकरी खायला बसला, कारण इथली रीत ती होती. भाऊरावांनी मुलांना समूहापासून दूर नेलं नाही, त्यांना दुसरा समूह दिला. आपल्या कॉलनीत, आळीत, वस्तीवर त्याची छोटी आवृत्ती का होऊ नये?

त्यासाठी ग्रामसभा लागत नाही. मुलाच्या घोळक्यातल्या दोन-तीन घरांना चहाला बोलवा. मुलांच्या तक्रारी करायला नव्हे, तर मोबाइल किती वाजता ठेवायचा, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर, मिरवणुकीत डॉल्बीपुढे नाचायला सोडायचं की नाही, गाडी कुणाच्या हातात द्यायची, एवढं एकसारखं ठरवायला. ‘सगळ्यांच्या घरी चालतं’ हे मग आपोआप थांबेल. ठरवताना मुलांनाही बसवा. वडगावात मोठ्यांनीही टीव्ही बंद केला होता, तेही विसरू नका.

आणि मुलाला एक पळवाट देऊन ठेवा. नको तिथं अडकल्यासारखं झालं तर त्यानं फोन करून ठरलेलं एक वाक्य बोलायचं, ‘आई, आजीचं औषध आणायचं राहिलं का?’ असं काहीही. मित्रांपुढे त्याला सगळं तुमच्या नावावर ढकलू द्या, वाईटपणा तुम्ही घ्या. तुमचा नंबर त्याच्या मित्रांकडेही असू द्या. फोन आला की कितीही वाजलेले असोत, निघायचं, घेऊन यायचं, जेवायला वाढायचं. काय झालं, कोण होतं, कुठं होतास, ते सगळं दुसऱ्या दिवशी.