डॅकच्या पोटातलं घड्याळ

होस्टेलमध्ये कुणी नवीन स्पीकर आणले की रात्री वाद ठरलेला. एक पार्टी म्हणते, "डिजिटल म्हणजे शून्य आणि एक, त्यात चांगलं-वाईट काय असणार?" दुसरी म्हणते, "भारी क्लॉकवाला डॅक लावून ऐक, मग बोल!" मित्रहो, दोन्ही पार्ट्या अर्ध्या बरोबर आहेत. कुठला अर्धा भाग कुणाचा, हे साध्या गणिताने कळतं. आणि ते कळलं तर खिशातले पैसेही वाचतात.

आधी थोडी उजळणी. सीडीवर प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स असतात, प्रत्येक १६ बिटचं. हा विचित्र आकडा आला कुठून? सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. एका फील्डमध्ये २४५ ओळी, ओळीत ३ सॅम्पल्स, सेकंदाला ६० फील्ड... करा गुणाकार! युरोपच्या ५० फील्डच्या पद्धतीत २९४ × ३ × ५० केलं तरी उत्तर तेच.

डॅकचं काम म्हणजे हे आकडे ओळीने घेऊन त्यांचं व्होल्टेज करणं. पण नुसता आकडा बरोबर असून भागत नाही, तो ठरल्या क्षणी बाहेर पडला पाहिजे. दोन सॅम्पल्समध्ये २२.७ मायक्रोसेकंदांचं अंतर असतं. ते कधी किंचित कमी, कधी किंचित जास्त होऊ लागलं की त्याला जिटर म्हणतात.

आता गणित. साइन वेव्हचा सर्वांत तीव्र चढ म्हणजे २ × पाय × फ्रिक्वेन्सी × ॲम्प्लिट्यूड. या चढाला वेळेतल्या चुकीने गुणलं की व्होल्टेजमधली चूक मिळते. २० किलोहर्ट्झची फुल स्केल वेव्ह घ्या आणि चूक १६ बिटच्या अर्ध्या पायरीत ठेवा. उत्तर येतं सुमारे १२१ पिकोसेकंद! एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेतीन सेंटीमीटर जातो. १ किलोहर्ट्झला हीच मर्यादा २.४ नॅनोसेकंद, म्हणजे वीसपट सैल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. क्लॉक अचूक असणं वेगळं आणि स्थिर असणं वेगळं. क्रिस्टल ५० पीपीएमने चुकला तर ५ मिनिटांचं गाणं १५ मिलिसेकंद आधी किंवा नंतर संपेल आणि ४४० हर्ट्झचा सूर ०.०२२ हर्ट्झने सरकेल. कुणाला कळणार? त्रास होतो तो टिकटिक एकसारखी नसली तर. १० मेगाहर्ट्झचं रुबिडियम क्लॉक बाहेरून जोडायची हौस काहींना असते. रुबिडियमची ख्याती आहे दीर्घकाळच्या अचूकतेसाठी. शिवाय डॅकला हवे असतात ११.२८९६ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या २५६ पट. ते १० मेगाहर्ट्झपासून बनवायला पीएलएल लागतो, आणि तो स्वतःचा नॉइज घालतो. त्यापेक्षा चिपच्या शेजारी बसवलेला चांगला क्रिस्टल बरेचदा सरस ठरतो. ४८ किलोहर्ट्झच्या गाण्यांना १२.२८८ मेगाहर्ट्झ लागतात, म्हणून चांगल्या डॅकमध्ये दोन क्रिस्टल दिसतात.

मग जिटर शिरतो कुठून? आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी कधी जोरात, कधी करंगळीएवढं. पण टाकीत साठा असला की खालची धार एकसारखी. सीडी प्लेअरमध्ये तेच होतं. डिस्क आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे आणि बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेरे फिरते, वेग थोडाफार हलतोही; पण डेटा बफरमध्ये साठतो आणि क्रिस्टलच्या तालावर बाहेर पडतो. म्हणजे टाकीपर्यंत पहिली पार्टी शंभर टक्के बरोबर! वेळेचा प्रश्न टाकीच्या पुढे, डॅकच्या तोंडाशी सुरू होतो.

प्लेअर एकीकडे आणि डॅक दुसरीकडे असला की गोष्ट बदलते. एसपीडिफच्या एकाच वायरमधून डेटा आणि क्लॉक मिसळून येतात, आणि डॅकला पीएलएल लावून क्लॉक वेगळं काढावं लागतं. असिंक्रोनस यूएसबीमध्ये मात्र मालक डॅकचा क्रिस्टल. तोच कॉम्प्युटरला सांगतो, "आता थोडा जास्त पाठव, आता थोडा कमी."

आणि कानाचं काय? १० किलोहर्ट्झच्या टोनवर १ नॅनोसेकंदाचा नियमित जिटर आला तर बाजूला उमटणारे सूर मूळ टोनच्या सुमारे ९० डीबी खाली असतात. जपानमधल्या आशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, संगीत ऐकताना रँडम जिटर ओळखू येण्याची मर्यादा काही शे नॅनोसेकंद निघाली. तेव्हा बजेट मर्यादित असेल तर पैसे आधी स्पीकरवर घाला, पडदे-गाद्या लावून खोलीचा घुमारा कमी करा. क्लॉकचा नंबर फार नंतर.

विश्वास बसत नसेल तर लॅबमध्ये करून पाहा. डॅकवर १० किलोहर्ट्झचा शुद्ध टोन वाजवा, दुसऱ्या साउंड कार्डवर रेकॉर्ड करा (दोन्हीकडे एकच क्लॉक नको, नाहीतर जिटर लपेल) आणि ६५,५३६ पॉइंटचा एफएफटी काढा. ९,९०० आणि १०,१०० हर्ट्झवर शिखरं दिसली तर संशयित म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या मेन्सचा १०० हर्ट्झचा रिपल. आता टोन १ किलोहर्ट्झ करा. टोनच्या दोन्ही बाजूंची शिखरं २० डीबीने खाली गेली तर तो जिटर. तेवढीच राहिली तर रिपल ॲम्प्लिट्यूडमध्ये शिरलाय, क्लॉकला दोष देऊ नका. पॉवर सप्लायचं झाकण उघडा!