घटक ४ : नायक कोण ठरतो? — पुराणकथा आणि साहित्यातील नायकत्व

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला,
• 'मध्यवर्ती पात्र' आणि 'नायक' या संकल्पनांमधील फरक सांगता येईल.
• नायकाविषयीची संस्कृत साहित्यशास्त्रातील भूमिका स्पष्ट करता येईल.
• कर्ण आणि फकिरा या व्यक्तिरेखांच्या आधारे नायकत्वाचे निकष तपासता येतील.
• एखाद्या पात्राविषयी वाटणारी सहानुभूती आणि त्याचे नायकत्व यांतील भेद ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कथानक आणि संघर्ष यांचा परिचय करून घेतला. संघर्ष ज्याच्याभोवती उभा राहतो, त्या पात्राचा विचार या घटकात करावयाचा आहे. 'या कादंबरीच्या नायकाचे स्वभावचित्र रेखाटा' या प्रश्नाचे उत्तर लिहिताना शूर, उदार, देखणा, कर्तव्यदक्ष अशी गुणांची यादी देण्याकडे आपला कल असतो. ही यादी चुकीची नसली तरी अपुरी आहे. हेच गुण खलपात्रातही आढळू शकतात. मग एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक म्हणण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर आपण पुराणकथा, संतचरित्र आणि मराठी कादंबरी यांच्या आधारे शोधणार आहोत. काही उदाहरणे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील असल्यामुळे मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना ती प्रत्यक्ष पाहता येतील.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नायक : अर्थ आणि शास्त्रीय भूमिका

'नायक' हा शब्द 'नी' म्हणजे 'नेणे' या धातूपासून बनला आहे. कथानकाला पुढे नेणारा तो नायक, असा त्याचा मूळ आशय आहे. धनंजयाने दहाव्या शतकात लिहिलेल्या 'दशरूपक' या ग्रंथात नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले आहेत. चारही नावांत 'धीर' हे पद समान आहे, हे लक्षात घ्यावे. स्वभाव कोणताही असला तरी धैर्य हा नायकाचा पाया मानला गेला आहे. नायकाला विरोध करणाऱ्या पात्रास 'प्रतिनायक' म्हणतात. रामकथेतील रावण हे त्याचे परिचित उदाहरण होय.

या परंपरेत मुख्य कथेच्या फलाचा जो अधिकारी, तो नायक मानला जातो. सीतेची सुटका हे फल रामाला मिळते, म्हणून राम नायक. ही व्याख्या नाटकाची रचना समजावून देण्यास उपयुक्त आहे. परंतु ज्याच्या पदरी फल पडत नाही, तो नायक होऊ शकत नाही काय, हा प्रश्न तिच्यातून शिल्लक राहतो.

४.२.२ सामर्थ्य, विजय आणि नायकत्व

वेरूळ येथील सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कोरले गेले. तेथील एका भव्य शिल्पात रावण कैलास पर्वत हलवीत आहे. पार्वती भयाने शिवाचा आधार घेते आहे, एक सखी पळ काढते आहे आणि शिव मात्र निश्चल बसलेला आहे. शिल्पात सर्वाधिक बळ रावणाच्या ठिकाणी दिसते. तो विद्वान आहे, शिवभक्तही आहे. म्हणजे सामर्थ्य, विद्या आणि भक्ती या तीनही गोष्टी असूनही तो नायक ठरत नाही, कारण त्याचे सामर्थ्य त्याच्या अहंकाराच्या सेवेत आहे.

त्याच मंदिराच्या भिंतीवर रावण आणि जटायू यांचे युद्धही कोरलेले आहे. जटायू वृद्ध आहे. रावणापुढे आपला निभाव लागणे कठीण आहे, याची त्याला कल्पना असणारच. सीतेला सोडविण्यात तो अपयशी ठरतो आणि प्राण गमावतो. 'फलाचा अधिकारी' या कसोटीवर तो नायक नाही. पण त्या प्रसंगापुरता विचार केला तर नायकत्व कोणाकडे आहे, याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नाही. बाजूला होण्याचा मार्ग खुला असताना त्याने अन्यायाच्या आड येणे निवडले आणि त्या निवडीची किंमत स्वतः मोजली.

यावरून नायकत्वाचे तीन निकष मांडता येतात : (१) निवड — पात्रापुढे दुसरा, अधिक सोपा मार्ग असतो, (२) किंमत — निवडीचे मोल ते पात्र स्वतः देते, (३) मूल्य — ती निवड स्वार्थापलीकडच्या एखाद्या मूल्यासाठी असते.

४.२.३ युद्धाबाहेरील वीरत्व

वीर म्हणजे योद्धा ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या ग्रंथात दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर असे वीराचे चार प्रकार मानले आहेत. हर्षाच्या 'नागानंद' नाटकातील जीमूतवाहन हे दयावीराचे उदाहरण आहे. शंखचूड नावाच्या नागाऐवजी तो स्वतःचे शरीर गरुडापुढे ठेवतो.

आपल्या परिसरात दयावीराची ओळख पैठणच्या संत एकनाथांच्या आख्यायिकांमधून होते. रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून आणलेले गंगाजल त्यांनी तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा सर्वपरिचित आहे. यात शस्त्र नाही, शत्रूही नाही. दीर्घ यात्रेचे पुण्य एका बाजूला आणि एका मुक्या जीवाची तहान दुसऱ्या बाजूला, अशी निवड आहे. वरील तीनही निकष येथे लागू पडतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'नायक' हा शब्द कोणत्या धातूपासून बनला आहे?
२. नायकाच्या चारही प्रकारांत कोणते पद समान आहे?
३. जीमूतवाहन हा कोणत्या नाटकाचा नायक आहे?

४.२.४ कर्ण : सहानुभूती आणि नायकत्व

मराठी वाचकाला कर्णाइतके जवळचे वाटणारे महाभारतीय पात्र क्वचितच असेल. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण ही पात्रे आपापल्या तोंडून कथा सांगतात. महाभारतात प्रतिपक्षात उभा असलेला कर्ण येथे केंद्रस्थानी येतो. निवेदनाचा दृष्टिकोन बदलला की नायक बदलू शकतो, हे या कादंबरीवरून शिकता येते.

तथापि, कर्णाविषयीच्या आपल्या आत्मीयतेची चिकित्सा करणे आवश्यक आहे. जन्मतःच त्याचा त्याग झाला, सूतपुत्र म्हणून त्याला हिणवले गेले. हा त्याच्यावरील अन्याय आहे आणि त्यामुळे तो आपल्या करुणेचा विषय होतो. परंतु अन्याय सोसणे ही निवड नसते. कर्णाचे नायकत्व शोधायचे असेल तर त्याने काय सोसले याबरोबरच त्याने काय निवडले, हे पाहावे लागेल. याचक इंद्राला तो कवचकुंडले देतो. आपण कुंतीचे ज्येष्ठ पुत्र आहोत हे कळल्यावरही तो राज्याच्या मोहाने दुर्योधनाची साथ सोडत नाही. या निवडी निश्चितच नायकाला साजेशा आहेत.

मात्र द्यूतसभेतही कर्णाने एक निवड केली. द्रौपदीच्या विटंबनेत तो सहभागी झाला, तिला हीन शब्दांत बोलला. स्वतः अपमानाने पोळलेला हा पुरुष दुसऱ्याच्या अपमानाच्या क्षणी बलवानांच्या बाजूला उभा राहिला. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) मध्ये कर्णाच्या उणिवांची परखड चर्चा केली आहे. 'मृत्युंजय' आणि 'युगान्त' ही जवळजवळ एकाच काळातील पुस्तके एकत्र वाचल्यास कर्णाचे समतोल आकलन होण्यास मदत होते.

त्याच सभेत द्रौपदी काय करते, हेही पाहावे. धर्मराजाने आधी स्वतःला पणाला लावले की मला, हा तिचा प्रश्न भीष्मांसह सर्व ज्येष्ठांना निरुत्तर करतो. संस्कृत शास्त्रात नायिकेचे वर्गीकरण मुख्यतः तिच्या नायकाशी असलेल्या संबंधावरून केलेले आढळते. द्रौपदी त्या चौकटीत मावत नाही. आपल्या निकषांवर तपासले तर द्यूतसभेच्या प्रसंगात नायकत्व तिच्याकडे जाते.

४.२.५ आधुनिक मराठी कादंबरी : नायकाचे नवे रूप

परंपरेत नायक बहुधा राजकुळातील किंवा उच्चकुलीन असे. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) या कादंबरीत मांग समाजातील तरुणाला नायक केले आणि ती कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात माणसे उपाशी मरत असताना फकिरा धान्य लुटून ते भुकेल्यांना देतो. कायद्याच्या भाषेत हा दरोडा आहे, भुकेल्यांच्या दृष्टीने जीवदान. शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी तो स्वतःला इंग्रजांच्या स्वाधीन करतो. जटायूप्रमाणे फकिराही हरतो, पण त्याचे नायकत्व उणावत नाही.

हा बदल एका कादंबरीपुरता राहिला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारून, पटलेले सत्य स्वीकारणाऱ्या राजाचे हे नाव आहे. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालविले आणि दलित लेखकांच्या अनेक पिढ्यांना व्यासपीठ दिले. दलित साहित्याने एकलव्य आणि शंबूक या, मूळ कथेत कडेला राहिलेल्या पात्रांकडे नव्याने पाहिले. कथा कोणी सांगितली आणि कोणाला बोलू दिले नाही, हा प्रश्न त्यामुळे मराठी समीक्षेत ठळक झाला.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर याहून वेगळा आहे. तो मध्यवर्ती पात्र आहे, पण पराक्रम आणि ध्येय या दोहोंविषयी उदासीन आहे. अशा पात्रास 'अ-नायक' म्हणतात. अ-नायक आणि प्रतिनायक या संज्ञांची गल्लत करू नये.

४.३ सारांश

कुल, बल, विद्या किंवा विजय यांपैकी कोणतीही एक गोष्ट पात्राला नायक बनवीत नाही. पात्राने केलेली निवड, तिची स्वतः मोजलेली किंमत आणि तिच्यामागील मूल्य यांतून नायकत्व सिद्ध होते. निवेदकाचा दृष्टिकोन आणि काळाची मूल्यव्यवस्था यांनुसार नायक बदलू शकतो. अन्यायग्रस्त पात्र सहानुभूतीस पात्र असते, परंतु सहानुभूती म्हणजे नायकत्वाचा पुरावा नव्हे. वाचक म्हणून आपण कोणाला नायक म्हणतो, यातून आपली मूल्येही व्यक्त होत असतात.

४.४ पारिभाषिक शब्द

प्रतिनायक : नायकाला विरोध करणारे प्रबळ पात्र.
अ-नायक : नायकाचे रूढ गुण नसलेले मध्यवर्ती पात्र.
दयावीर : करुणेपोटी आत्मत्याग करणारा वीर.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १ : उत्तरे
१. नी. २. धीर. ३. नागानंद.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. 'पराभूत पात्रही नायक ठरू शकते.' जटायू आणि फकिरा यांच्या आधारे चर्चा करा.
२. कर्णाच्या नायकत्वाची साधकबाधक चिकित्सा करा.
३. टीप लिहा : द्यूतसभेतील द्रौपदी.

उपक्रम : तुमच्या गावात किंवा कामाच्या ठिकाणी ज्या व्यक्तीविषयी आदराने बोलले जाते, अशा एका व्यक्तीची हकीकत दोन वेगवेगळ्या माणसांकडून ऐका. दोन्ही कथनांत त्या व्यक्तीची कोणती निवड ठळक होते आणि कोणती वगळली जाते, याची नोंद दीड पानात लिहा.